शाळेतले मामा-मावशी आणि मुलांची सुरक्षितता: त्यांना कोणी विचारतं का?

निळी शाई (सोमवार, रात्री ९.४०)

आमच्या शाळेत यंदा आरोग्य आणि सुरक्षा समिती नव्याने नेमली. मुख्याध्यापक, दोन शिक्षक (त्यात मी), दोन पालक, एक डॉक्टर. यादी वाचून झाल्यावर मी विचारलं, "यात मामा कसे नाहीत?" मामा म्हणजे शाळेची सफाई आणि इमारतीची देखभाल बघणारे. जरा वेळ कोणीच बोललं नाही. मग एक जण म्हणाले, "त्यांना बैठकीत काय कळणार? ठरलं की सांगू त्यांना."

मला ते फार लागलं. कारण त्याच दिवशी मी लवकर पोचले होते आणि शाळा भरण्याआधीची मामांची फेरी पहिल्यांदाच पाहिली होती. ते वर्गाचं दार उघडतात, पण लगेच आत जात नाहीत. उंबऱ्यावर थांबून नुसता वास घेतात. मग दिवा लावतात. जिन्याचा कठडा प्रत्येक वळणावर धरून हलवून बघतात. पिण्याच्या नळाच्या तोंडातून बोट फिरवून बुळबुळीत लागतंय का ते पाहतात. एका बाकाचा खिळा वर आला होता, तो तिथल्या तिथे ठोकला आणि मुलाच्या मांडीला लागेल त्या जागी तळहात फिरवून खात्री केली. मी विचारलं, "वास कशाला घेता?" तर म्हणाले, "जळकट वायर, गॅस, ओल, मेलेला उंदीर, डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं, बाई. आणि गॅस असला तर दिव्याचं बटण दाबायच्या आधी कळायला हवं."

सतरा वर्षं हा माणूस रोज हे करतोय आणि आम्ही सुरक्षेची समिती त्याला वगळून बनवतोय. मला वाटतं, पहिली खुर्ची त्यांची हवी. तुमच्याकडे काय आहे? मामा-मावशींना कोणी प्रशिक्षण देतं का? त्यांनी सांगितलेलं कुठे लिहिलं जातं का?

दोन शून्य (सोमवार, रात्री ९.५८)

+१. आमच्या वेळी मुलं मुख्याध्यापकांचा पायरव नंतर ओळखायची, मामांच्या किल्ल्यांचा आवाज आधी. छपरावर गेलेला चेंडू मिळवायचा तर तोच एक देव!

तारकोल (सोमवार, रात्री १०.२५)

मी अग्निसुरक्षेच्या कामात आहे. शाळेच्या तपासणीला गेलो की आधी कार्यालयात जात नाही, देखभाल बघणाऱ्या माणसाला गाठतो. मुख्य वीजपुरवठा कुठून बंद होतो, पाण्याची मुख्य झडप कुठे आहे, प्रयोगशाळेचा गॅस कुठे तोडायचा, कुठल्या दाराची कडी अडकते, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. कागदावर बहुतेक ठिकाणी नसतं. तो आजारी पडला त्या दिवशी शाळेला यातलं काहीच माहीत नसतं.

निळी शाई, तुमच्या मामांच्या नाकाबद्दल. १८ मार्च १९३७ ला अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत इमारतीखाली नैसर्गिक वायू साठत गेला आणि स्फोट झाला. तीनशेच्या आसपास माणसं गेली, बहुतेक मुलं. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो, त्यामुळे कोणाला काही कळलंच नाही. त्यानंतर वायूत मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळण्याची सक्ती झाली. आज मामांना जो वास येतो तो अशा दुर्घटनांनंतर घातलेला आहे. तो वास घेणारं कोणीतरी सकाळी पहिल्यांदा दार उघडतं, म्हणून त्याचा उपयोग.

दुसरी घटना शिकागोची. १ डिसेंबर १९५८. तळघरातल्या जिन्यापाशी कचऱ्याला आग लागली आणि उघड्या जिन्यातून धूर थेट वरच्या मजल्यावर गेला. ९२ मुलं आणि ३ शिक्षिका गेल्या. शाळेची देखभाल करणारा माणूस आग सुरुवातीलाच पाहणाऱ्यांपैकी होता. त्याने अग्निशमन दलाला बोलवायला सांगितलं आणि स्वतः मुलांना बाहेर काढायला आत धावला. या घटनेनंतर तिथल्या शाळांचे अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले. शाळा पाहताना मी अजूनही आधी जिन्याखालची जागा बघतो. मोडके बाक, जुने कागद, रंगाचे डबे सगळीकडे तिथेच कोंबलेले असतात. ते तिथे ठेवायला मामांना कोणीतरी वरून सांगितलेलं असतं, आणि "इथे नको" म्हणायचा अधिकार त्यांना नसतो.

भरदुपार (सोमवार, रात्री ११.०५)

पालक म्हणून लिहिते. मुलीला दमा आहे. दुसरीत असताना शाळेत रोज अकराच्या सुमाराला खोकल्याची उबळ यायची. औषध बदललं, मास्क दिला, काही फरक नाही. शेवटी शाळेतल्या मावशींनीच मला फाटकाशी थांबवून सांगितलं, "ताई, मधल्या सुट्टीत मी वर्ग झाडते ना, त्यानंतर हिला होतं. मी बघितलंय." कोरडा झाडू मारला की बारीक धूळ तासन्‌तास हवेत राहते, आणि मुलं लगेच त्यातच येऊन बसतात. मावशींनी आपणहून झाडू सोडून ओलं फडकं घ्यायला सुरुवात केली, खडूची डस्टरं बाहेर नेऊन झटकायला लागल्या आणि तिचा बाक फळ्यापासून लांब सरकवून घेतला. उबळी खूप कमी झाल्या.

डॉक्टरांनी, मी आणि वर्गशिक्षिकेने मिळून जे ओळखलं नाही ते त्यांनी ओळखलं. मुलीच्या प्रगतिपुस्तकावर त्यांची सही असायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

जुनी पाटी (मंगळवार, सकाळी ७.१५)

मी निवृत्त मुख्याध्यापक. भावना समजते, पण थोडा विरोध नोंदवतो. या माणसांवर आधीच किती कामं असतात ते बघा. घंटा, टपाल, कपाटं हलवणं, पाहुण्यांच्या खुर्च्या, शिक्षकांची बारीकसारीक कामं. त्यात समितीवर घेतलं की उद्या काही झालं तर पहिली नोटीस त्यालाच मिळेल, "तुम्ही समितीत होतात ना?" म्हणून. माझ्या काळात एक मुलगा ओल्या फरशीवरून घसरला. व्यवस्थापनाने सगळा दोष पुसणाऱ्या बाईंवर टाकला. फरशी गुळगुळीत निवडणारे, सुट्टी संपायच्या पाच मिनिटं आधी पुसायला लावणारे, सूचनेची पाटी विकत न घेणारे, सगळे नामानिराळे राहिले. मी तेव्हा पुरेसं बोललो नाही, याची बोचणी आहे. मान द्यायच्या नावाखाली जोखीम त्यांच्या गळ्यात बांधू नका.

तारकोल (मंगळवार, सकाळी ८.३०)

जुनी पाटी सर, तुमचा मुद्दा खरा आहे. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. धोका दिसला की सांगायचा हक्क मामांचा, तो दूर करायची जबाबदारी व्यवस्थापनाची. सांगितलेलं तारखेसह लिहिलं गेलं की ती नोंद उलट मामांचं रक्षण करते. तोंडी सांगितलेलं मात्र अपघातानंतर कोणालाच आठवत नाही.

ओलं फडकं (मंगळवार, दुपारी १.२०)

मी रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचं काम करते, सफाई कर्मचाऱ्यांना शिकवणं हा माझ्या नोकरीचा मोठा भाग आहे. शाळांमध्ये हे शिकवायला कोणीच जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वर्गात मूल ओकलं की काय होतं? मावशींना हाक मारतात. त्या फडकं आणतात, पुसतात, त्याच बादलीत पिळतात आणि त्याच फडक्याने पुढचा वर्ग पुसतात. उलटी नोरोव्हायरसची (उलट्या-जुलाब पसरवणारा विषाणू) असेल तर लागण व्हायला शंभराहूनही कमी कण पुरतात, आणि ओकताना ते आजूबाजूला उडालेले असतात. हाताला लावायच्या अल्कोहोलच्या जेलने हा विषाणू नीट मरत नाही, साबण-पाण्याने हात धुवावेच लागतात. म्हणून आधी मुलांना वर्गाबाहेर काढा, खिडक्या उघडा. हातमोजे आणि मास्क घालून उलटीवर कागद टाका, तो अलगद उचलून पिशवीत बांधा. मग जागा साबणाने धुवा आणि शेवटी ब्लीचचं पाणी. घाणीवर थेट ब्लीच ओतलं तर त्याची ताकद घाणीतच संपते, म्हणून साबण आधी.

प्रमाण: बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर रोजच्या पृष्ठभागांना एक भाग ब्लीच आणि ४९ भाग पाणी (०.१ टक्के). रक्त किंवा उलटी असेल तर एक भाग ब्लीच आणि ९ भाग पाणी (०.५ टक्के). पाणी थंडच घ्यायचं. हे मिश्रण रोज ताजं करायचं, उन्हात आणि उष्णतेने ते निकामी होतं. आणि लावल्या लावल्या पुसून टाकायचं नाही! बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओलं राहायला हवं. "लवकर आटपा" असं मावशींच्या मागे लागणारे लोक हाच वेळ खाऊन टाकतात.

फडक्यांचे रंग ठरवा. स्वच्छतागृहाचं वेगळं, वर्गाचं वेगळं, पिण्याच्या पाण्याजवळचं वेगळं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रंग कळतो.

चाकोरीबाहेर (मंगळवार, रात्री ८.४५)

वरचा प्रतिसाद तीनदा वाचला. माझी आई एका शाळेत मावशी होती. तिच्या हातांची कातडी मला लहानपणापासून आठवते, बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या, रात्री त्यात तेल लावून ती हात उशाशी उताणे ठेवून झोपायची. हातमोजे कधी मिळाले नाहीत. तिने मागितलेही नव्हते, कारण हातमोजे मागता येतात हेच तिला कोणी सांगितलं नव्हतं.

एकदा वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशी "स्वच्छतागृह चमकलं पाहिजे" असा हुकूम आला. आईने आधी ॲसिड टाकलं, डाग गेले नाहीत म्हणून त्यावरच ब्लीच ओतलं. बाटल्या मोठ्या कॅनमधून भरलेल्या, चिठ्ठी नाही. मूळ कॅनवर होतं ते तिला न येणाऱ्या भाषेत. दार आतून लावलेलं, खिडकी एवढीशी. तिला काही कळायच्या आत घसा आवळला. दोन मोठ्या मुलींनी खोकण्याचा आवाज ऐकून दार ढकललं म्हणून ती बाहेर आली. पुढचे कितीतरी महिने जिना चढताना तिला धाप लागायची. शाळेच्या वहीत नोंद झाली "किरकोळ, स्वतःच्या चुकीने".

मला मोठेपणी रसायनशास्त्र शिकताना कळलं की ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. त्या दिवशी वर्गात मला रडू आलं. दहावीच्या मुलाला शिकवतात ती गोष्ट रोज ते हाताळणाऱ्या बाईला कोणी सांगितली नव्हती.

ओलं फडकं (मंगळवार, रात्री ९.१०)

चाकोरीबाहेर, आईला माझा नमस्कार सांगा. चूक त्यांची नव्हती. चिठ्ठी नसलेल्या बाटलीत रसायन भरून देणाऱ्यांची होती.

ब्लीच आणि अमोनिया असलेलं काचा पुसायचं द्रावण एकत्र आलं तरी विषारी वायू होतो, हेही सगळ्यांनी लक्षात ठेवा. आणि फवाऱ्याच्या बाटल्या शक्यतो टाळा. सफाईच्या फवाऱ्यांचा आणि सफाई करणाऱ्यांच्या दम्याचा संबंध अभ्यासांत दिसलेला आहे. द्रावण फडक्यावर ओतायचं आणि मग पुसायचं.

साशंक (बुधवार, सकाळी १०.००)

हे सगळं ऐकायला चांगलं आहे. पण आता बऱ्याच शाळांत सफाई कंत्राटाने चालते. माणसं दर काही महिन्यांनी बदलतात. कोणाला शिकवणार? शिकवलेला माणूस पुढच्या महिन्यात दुसरीकडे. समितीवर तरी कोणाला घेणार?

पाणवठा (बुधवार, सकाळी ११.४०)

साशंक, हा धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. माझा अनुभव पाण्याच्या टाक्यांचा. एका शाळेत टाकीचं झाकण फुटलेलं होतं, आत कबुतराची पिसं. कंत्राटातली चार माणसं त्या वर्षात बदलली होती. प्रत्येकाने झाकण पाहिलं होतं आणि प्रत्येकाला वाटलं की आधीच्याने सांगितलं असेल. तिथे आधी चौतीस वर्षं एक काका होते. ते असताना नळाच्या पाण्यातला शिल्लक क्लोरीन (जंतू मारायला घातलेल्यातला उरलेला) आठवड्यातून एकदा तपासून भिंतीवरच्या तक्त्यावर लिहायचे. शेवटच्या नळाला तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मिळायला हवा, हे त्यांना तोंडपाठ होतं. काका गेले, तक्ता राहिला, पुढचे रकाने कोरे.

काम कंत्राटाने द्यायचंच असेल तर निदान एक माणूस कायमचा हवा, ज्याला इमारत ठाऊक आहे. बाकी बदलणाऱ्यांसाठी भिंतीवर चित्रांचे तक्ते. यावर माझी तडजोड नाही.

दोन शून्य (बुधवार, दुपारी २.१५)

थोडं अवांतर. छपरावरच्या चेंडूंचं मी वर लिहिलं होतं. आमचे मामा पावसाच्या आधी पन्हळीत अडकलेले चेंडू काढून पोत्यात भरायचे आणि वर्गावर्गात वाटायचे. आम्हाला वाटायचं आमच्यासाठी. आज कळतंय, पन्हळ तुंबली की भिंतीत ओल आणि साठलेल्या पाण्यात डास.

पाणवठा (बुधवार, दुपारी २.५०)

अवांतर अजिबात नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून उडण्यापर्यंतची वाढ उबदार हवेत सात ते दहा दिवसांत होते. म्हणून आठवड्यातून एकदा साठलेलं पाणी ओतणं हा हिशोब. आणि नुसतं ओतून भागत नाही, अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. घासावं लागतं. कुंड्यांखालच्या ताटल्या, जुनी टायरं, अडगळीतल्या बादल्या... एवढं सगळं आठवड्याला कोण बघतं? मामाच.

जुनी पाटी (बुधवार, रात्री ९.३०)

कालपासून विचार करतोय. माझं म्हणणं थोडं बदलतो. चाकोरीबाहेर यांच्या आईची नोंद "स्वतःच्या चुकीने" अशी झाली, कारण ती नोंद लिहिणाऱ्या खोलीत त्या नव्हत्या. खोलीत असल्या असत्या तर हे वाक्य लिहिणं अवघड गेलं असतं. तेव्हा मामांना समितीत घ्या. बैठक त्यांच्या कामाच्या वेळात घ्या, सुट्टीनंतर थांबवून नको. आणि पहिल्या बैठकीत ठराव लिहून घ्या की धोका कळवणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होणार नाही.

भरदुपार (बुधवार, रात्री ९.५५)

सरांना अनुमोदन. निळी शाई, पुढे काय झालं ते नक्की कळवा.

निळी शाई (पुढचा शुक्रवार, रात्री ८.२०)

कळवते. हा धागा मी छापून मुख्याध्यापकांना दिला. त्यांनी तो घरी नेऊन वाचला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः मामांना बोलावलं. आज बैठक झाली, शाळेच्या वेळेत. जुनी पाटी सरांचा ठराव पहिला लिहिला.

मामा खुर्चीच्या कडेवर बसले होते. खिशातून वही काढली. मला माहीतच नव्हतं की ते लिहितात. अकरा वर्षांच्या नोंदी, बारीक अक्षरात, दुरुस्त झालेल्यांवर रेघ मारलेली. रेघ नसलेल्या नोंदी त्यांनी वाचायला घेतल्या. पहिली होती मागच्या जिन्याच्या दाराची. मुलं पळून बाहेर जातात म्हणून शाळेच्या वेळात त्या दाराला कुलूप असतं. मामा म्हणाले, "किल्ली माझ्याकडे. जुडग्यात बावीस किल्ल्या आहेत, धुरात मला ती सापडायची नाही. आणि मी रजेवर असलो तर?" त्यांनी हे चार वर्षांपूर्वी तोंडी सांगितलं होतं. खोलीत कोणी मान वर केली नाही.

डॉक्टरांनी विचारलं, मग मुलं बाहेर जाण्याचं काय? मामांकडे तेही होतं. आतून दांडा ढकलला की उघडणारं आणि उघडताच घंटा वाजणारं दार त्यांनी दुसऱ्या एका शाळेत पाहिलं होतं.

तारकोल (शुक्रवार, रात्री ८.४०)

अगदी बरोबर उपाय. दांडा छातीच्या उंचीच्या खाली बसवा, लहान मुलांना पोचला पाहिजे. दार बाहेरच्या बाजूला उघडतं ना? आणि ते बसेपर्यंत?

निळी शाई (शुक्रवार, रात्री ८.५२)

बाहेरच उघडतं. तोपर्यंत दार नुसतं लोटलेलं, आणि तिथे पाळीपाळीने एक मोठं माणूस बसणार. सोमवारी पहिली पाळी मुख्याध्यापकांनी मागून घेतली आहे. कुलूप आजच निघालं. जिन्याखालची अडगळ उद्या निघतेय. हातमोजे, मास्क, तीन रंगांची फडकी यांची मागणी समितीच्या नावाने गेली. ओलं फडकं, तुमचा प्रमाणांचा परिच्छेद चित्रांसह भिंतीवर लावतोय, चालेल ना?

ओलं फडकं (शुक्रवार, रात्री ९.०५)

चालेल काय, धावेल! बादलीवर आणि मापावर रंगीत पट्टी चिकटवा, पाणी कुठवर आणि ब्लीच कुठवर ते दिसलं पाहिजे.

चाकोरीबाहेर (शुक्रवार, रात्री १०.१५)

आईला सगळा धागा वाचून दाखवला. मामांच्या वहीपाशी तिने मला थांबवलं आणि तो भाग पुन्हा वाचायला लावला. ती आता निवृत्त आहे, पण तिच्या जागी आलेल्या मुलीला अशी वही नेऊन द्यायची म्हणतेय. विचारतेय, वही आडव्या रेघांची आहे की चौकटींची?

निळी शाई (शुक्रवार, रात्री १०.२२)

चौकटींची. एका चौकटीत एक खोली.